डॉ. सुब्बाराव यांचे ऋण आणि एक साधी कॅप्सूल

पावसाळा ओसरू लागला, की मारेगाव-वणीच्या पट्ट्यात तापाचे दिवस सुरू होतात. कपाशीत डवरण-निंदण चालू असते, धुऱ्यांवरचे गवत कमरेइतके वाढलेले असते आणि दिवसभर त्या गवतात वावरलेली बाई संध्याकाळी अंग मोडून आले म्हणून अंथरूण धरते. दुसऱ्या दिवशी घरातले कोणीतरी औषधाच्या दुकानात जाऊन ताप सांगते आणि चार कॅप्सूल घेऊन येते. दोन पोटात जातात, ताप उतरल्यासारखा वाटतो. उरलेल्या दोन पुढच्या तापासाठी फळीवर ठेवल्या जातात. या कॅप्सूल पुष्कळदा डॉक्सिसायक्लिन नावाच्या औषधाच्या असतात. औषध जुने, स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे. जे स्वस्त आणि सर्वत्र मिळते, त्याविषयी आपल्याला आदर वाटत नाही आणि भयही वाटत नाही. या औषधाच्या बाबतीत दोन्ही असणे आवश्यक आहे. ते का, हे समजण्यासाठी या औषधाच्या घराण्याचा इतिहास पाहावा लागतो, आणि तो इतिहास आपल्याला गोदावरीच्या मुखाकडील एका दरिद्री घरापर्यंत घेऊन जातो.

यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील भीमावरम येथे झाला. सात भावंडे, वडिलांची बेताची नोकरी आणि पुढे आलेले त्यांचे आजारपण, यामुळे घरात चणचण कायमची होती. सुब्बाराव अभ्यासात चमकणारे नव्हते. वयाच्या तेराव्या वर्षी हा मुलगा काशीच्या यात्रेकरूंना केळी विकून पैसा मिळवावा म्हणून घरातून पळाला आणि त्याला वाटेतून परत आणावे लागले. मॅट्रिकच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले. आईने सौभाग्याचा दागिना मोडून त्यांना मद्रासला धाडले, असे सांगतात. तिसऱ्या खेपेस ते उत्तीर्ण झाले. परीक्षेच्या निकालावरून मुलांची किंमत करण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना त्यांचा ओढा रामकृष्ण मिशनकडे होता. संन्यास घेण्याचा विचार आईच्या विरोधामुळे मागे पडला आणि सेवेचाच दुसरा मार्ग म्हणून ते वैद्यकाकडे वळले. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकत असताना महात्मा गांधींच्या स्वदेशीच्या हाकेला प्रतिसाद देऊन त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा डगला घालण्यास सुरुवात केली. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते मानवले नाही. परिणाम असा झाला, की पेपर चांगले लिहूनही सुब्बारावांच्या पदरात एम.बी.बी.एस. ऐवजी एल.एम.एस. ही कमी दर्जाची पदविका पडली. सरकारी वैद्यकीय सेवेचे दार त्यामुळे बंद झाले. उपजीविकेसाठी त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीरशास्त्र शिकवण्याची नोकरी धरली.

याच सुमारास घरावर एक आघात झाला. स्प्रू या उष्ण प्रदेशातील आतड्याच्या रोगाने त्यांचे दोन भाऊ आठ दिवसांच्या अंतराने गेले. स्वतः सुब्बारावांनाही त्या रोगाने गाठले होते, ते वाचले. वैद्य असूनही भावांच्या उशाशी हात बांधून बसावे लागणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यांनी घेतला होता. पुढच्या पंचवीस वर्षांच्या त्यांच्या कामाकडे पाहिले, म्हणजे या अनुभवाची सल त्यांच्या मनातून कधीच गेली नसावी असे वाटते.

परदेशातील उपेक्षा

सासऱ्यांनी आणि एका धर्मादाय निधीने केलेल्या मदतीच्या बळावर ऑक्टोबर १९२२ मध्ये सुब्बाराव अमेरिकेत बोस्टनला पोहोचले. पत्नी शेषगिरी यांना मागे ठेवून तीन वर्षांत परतण्याच्या बोलीने ते निघाले होते. ते परतले नाहीत. पतिपत्नींची पुन्हा भेट झाली नाही. थोरांच्या चरित्रात अशा स्त्रियांच्या वाट्याला एखादी ओळ येते. त्या ओळीमागे आयुष्यभराची वाट पाहणे असते, एवढे तरी आपण नोंदवले पाहिजे.

हार्वर्डमध्ये त्यांना प्रवेश मिळाला, परंतु शिष्यवृत्ती मिळाली नाही. येथील पदविकेला तेथे मान नव्हता. तेव्हा रुग्णालयात रात्रपाळीचा हमाल म्हणून रुग्णांची मलमूत्राची भांडी धुण्याचे काम त्यांनी पत्करले आणि दिवसा ते शिकत राहिले. पुढे जीवरसायन विभागात सायरस फिस्के यांच्यासमवेत त्यांनी संशोधन सुरू केले. रक्तातील आणि लघवीतील फॉस्फरसचे प्रमाण अचूक मोजण्याची त्या दोघांची पद्धत १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली. जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती फिस्के-सुब्बाराव पद्धत या नावाने परिचित आहे. ही पद्धत साधी दिसते; पण तिच्याच आधारे स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन १९२७ मध्ये हाती लागले आणि १९२९ मध्ये ए.टी.पी. हे द्रव्य वेगळे करता आले. जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही त्याच वर्षी ते स्वतंत्रपणे शोधले. प्राणिमात्रांच्या हालचालीला लागणारी शक्ती या द्रव्याच्या रूपाने खर्च होते. स्नायूंच्या कामाविषयीच्या ज्या सिद्धान्ताला १९२२ चे नोबेल पारितोषिक लाभले होते, त्याची मांडणीच या शोधांमुळे बदलावी लागली.

एवढे करूनही हार्वर्डमध्ये त्यांना कायमची जागा मिळाली नाही. त्यांचे काही काम तर वरिष्ठाच्या असूयेमुळे प्रकाशातच येऊ शकले नाही आणि ते इतरांना वर्षांनंतर नव्याने शोधावे लागले, अशी साक्ष त्याच विभागात शिकलेल्या आणि १९८८ मध्ये नोबेल मिळवलेल्या जॉर्ज हिचिंग्ज यांनी पुढे दिली. सुब्बारावांनी मात्र कधी जाहीर तक्रार केली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळ पर्ल रिव्हर येथील लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि थोड्याच काळात तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

आठ वर्षांचे अपूर्व पीक

लेडर्लेमध्ये सुब्बारावांना अवघी आठ वर्षे मिळाली. त्या आठ वर्षांत त्यांच्या हाताखालील तुकड्यांनी जे दिले, ते अनेक संस्थांना शतकभरात देता आलेले नाही.

पहिले देणे फॉलिक आम्लाचे. याची सुरुवात मुंबईत झाली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९२८ नंतरच्या काळात ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाईंनी मुंबईच्या गिरणीकामगार गरोदर स्त्रियांमधील पांडुरोगाचा अभ्यास केला आणि किण्वाच्या अर्काने तो बरा होतो असे दाखवले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हा प्रश्न पुढे पंधरा वर्षे जगभर चघळला गेला. ते फॉलिक आम्ल शुद्ध रूपात कृत्रिमरीत्या तयार करण्यात सुब्बारावांच्या सहकाऱ्यांना १९४५ मध्ये यश आले. गरोदर स्त्रियांना आज प्रत्येक आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत हेच द्रव्य असते. ज्या स्प्रूने त्यांचे भाऊ नेले, त्या स्प्रूवरही ते उपयोगी ठरले. याच द्रव्याच्या रचनेत फेरफार करून त्यांच्या प्रयोगशाळेने अमिनोप्टेरिन केले आणि १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडने फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांमध्ये त्याच्या साहाय्याने काही काळ रोग मागे हटवून दाखवला. कर्करोगावरील आजच्या औषधोपचाराचा तो आरंभ होय.

दुसरे देणे विदर्भाच्या परिचयाचे आहे. हत्तीपायाच्या रोगावरील डाय-इथिल कार्बामाझिन हे औषध १९४७ मध्ये याच प्रयोगशाळेतून बाहेर आले. यवतमाळसह विदर्भातील अनेक जिल्ह्यांत हत्तीपायाविरुद्धच्या मोहिमेत आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन ज्या गोळ्या समोर गिळायला लावतात, त्यांत हे औषध असते. गोळी देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सुब्बारावांचे नाव माहीत असण्याचे कारण नाही. पण गोळीची ओळख आहे.

तिसरे देणे प्रतिजैविकाचे. पेनिसिलिनचा उपयोग काही जंतूंवर होत नव्हता, स्ट्रेप्टोमायसिन सुईवाटे द्यावे लागे. पोटात घेता येईल आणि अनेक प्रकारच्या जंतूंवर चालेल असे औषध हवे होते. या शोधासाठी लेडर्लेने बेंजामिन डगर या वनस्पतिशास्त्रज्ञाला घेतले होते. सत्तरी ओलांडलेले, विद्यापीठातून निवृत्त झालेले हे गृहस्थ ठिकठिकाणांहून आलेले मातीचे नमुने तपासत बसत. मिसुरी विद्यापीठाच्या एका शेताच्या मातीत त्यांना सोन्यासारखा पिवळा रंग देणारा एक जीव आढळला. त्यापासून मिळालेले औषध ते ऑरिओमायसिन. शोध डगर यांचा, पण त्याला साधने, माणसे आणि दिशा देणारे संशोधनप्रमुख सुब्बाराव होते. २१ जुलै १९४८ रोजी न्यूयॉर्क येथे हे औषध वैद्यकीय जगापुढे मांडण्यात आले. त्यानंतर तीन आठवडेही लोटले नाहीत तोच, ९ ऑगस्टच्या पहाटेपूर्वी कधीतरी, सुब्बारावांना झोपेत हृदयविकाराने मृत्यू आला. वय अवघे ५३. सव्वीस वर्षे अमेरिकेत राहूनही ते तेथील नागरिक झाले नव्हते, आणि स्वतंत्र झालेला आपला देश त्यांनी पाहिला नव्हता. भारत सरकारने १९९५ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, त्यांचे टपाल तिकीट काढले.

औषधाचे घराणे

ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन घराण्याचे मूळपुरुष. पुढे टेरामायसिन आले, मग खुद्द टेट्रासायक्लिन आणि १९६७ मध्ये बाजारात आलेले डॉक्सिसायक्लिन. आरंभी ही औषधे परदेशी कंपन्यांच्या हाती होती आणि भारतातील त्यांच्या किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींपैकी आहेत, असे अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीनेच १९६० च्या सुमारास निदर्शनास आणले होते. पिंपरीला १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना आणि १९७० चा पेटंट कायदा यांमुळे पुढे चित्र पालटले. आज डॉक्सिसायक्लिन मजुराच्या खिशाला परवडते, ही सहज घडून आलेली गोष्ट नव्हे.

हे औषध जंतूच्या पेशीत प्रथिने तयार होण्याचे कामच थांबवते. त्यामुळे जंतूची वाढ खुंटते आणि शरीराला त्याचा नायनाट करण्यास अवसर मिळतो. विशेष म्हणजे आपल्या पेशींच्या आत दडून बसणाऱ्या जंतूंपर्यंत ते पोहोचते. स्क्रब टायफस हे त्याचे ठळक उदाहरण. गवताळ, झुडपी जागेतील अगदी सूक्ष्म किड्याची अळी चावते, त्या जागी कधी काळी खपली धरते आणि आठवडा-दोन आठवड्यांत तीव्र ताप येतो. २०१८ मध्ये नागपूर विभागात या रोगाने अनेक जणांचे बळी घेतले. या रोगाचा जंतू पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन वर्गातील औषधांना दाद देत नाही. म्हणजे रुग्णाला शहरात नेऊन महागडी इंजेक्शने दिली तरी ती वाया जाऊ शकतात, आणि वेळीच दिलेली ही स्वस्त कॅप्सूल त्याला वाचवू शकते. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली काळी खपली आहे काय, हे पाहण्यास यंत्र लागत नाही. बाई लाजेने सांगत नाही आणि घाईत कोणी पाहत नाही, म्हणून ती खपली राहून जाते.

लेप्टोस्पायरोसिस, कॉलरा, काही प्रकारचे न्यूमोनिया यांतही हे औषध उपयोगी आहे. आणखी एक योगायोग सांगण्याजोगा आहे. हत्तीपायाच्या कृमीच्या शरीरात वोल्बाखिया नावाचे जंतू वस्ती करून असतात आणि त्यांच्याविना कृमीचे चालत नाही. डॉक्सिसायक्लिन त्या जंतूंना मारते आणि मोठी कृमी वांझ होऊन हळूहळू मरते, असे अलीकडच्या संशोधनात दिसून आले आहे. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या दोन वाटा अशा एकाच शत्रूपाशी येऊन मिळाल्या.

दुसरी बाजू

गुणाला दोष चिकटलेले असतातच. ही कॅप्सूल कोरडी गिळून लगेच आडवे झाले, तर ती अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करते. म्हणून ती पेलाभर पाण्याबरोबर आणि बसून घ्यावयाची. दूध, लोहाची गोळी किंवा आम्लपित्ताचे औषध सोबत घेतल्यास ती रक्तात नीट उतरत नाही. हे औषध चालू असताना उन्हाने कातडी भाजून निघते. भर उन्हात राबणाऱ्या मजुराला ही सूचना कोण देते? या घराण्यातील जुन्या औषधांनी लहान मुलांचे दात कायमचे पिवळे-करडे केले आणि गर्भावरही त्यांचा परिणाम दिसला, म्हणून गरोदर स्त्रियांना ही औषधे सहसा देत नाहीत. स्क्रब टायफससारख्या प्राणघातक रोगात मुलांनाही थोड्या दिवसांसाठी डॉक्सिसायक्लिन देता येते, असे आता मानले जाते; पण तो निर्णय डॉक्टरांचा. मुदत टळून बिघडलेल्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडास इजा झाल्याच्या नोंदी १९६० च्या दशकातच झाल्या. आणि सर्दी, डेंग्यू यांसारख्या विषाणूंच्या तापात तर या औषधाचा काडीचाही उपयोग नाही.

तथापि सर्वांत मोठा दोष औषधाचा नसून ते वापरणाऱ्यांचा आहे. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगची बातमी पसरली, तेव्हा भयभीत लोकांनी दुकानांतील टेट्रासायक्लिन भराभर विकत घेऊन संपवले. रोग्याला औषध मिळेना आणि निरोग्याच्या घरात साठा, असा प्रकार झाला. टांझानियात १९७७ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत सरसकट टेट्रासायक्लिन वाटण्यात आले. काही महिन्यांतच तेथील कॉलऱ्याचे जंतू त्याला जुमानेनासे झाले. ऑरिओमायसिनचा चोथा खाऊन कोंबड्यांची वाढ झपाट्याने होते, हा शोधही लेडर्लेतच, सुब्बारावांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत लागला. त्यानंतर जगभर जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविके टनावारी ओतली गेली. रोग बरा करण्यासाठी मिळालेले शस्त्र वजन वाढवण्यासाठी वापरले गेले.

जंतू औषधाला जुमानत नाहीत म्हणजे काय होते, हे यवतमाळ जिल्ह्याला समजावून सांगण्याची गरज नसावी. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली असे सर्वांना वाटले. कडेने बिगरबीटी कपाशीच्या ओळी लावा, असे बियाण्याच्या पाकिटाबरोबर सांगितले जात होते. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. अळ्यांमध्ये ज्या थोड्या टिकाव धरणाऱ्या होत्या त्या उरल्या, त्यांचीच प्रजा वाढली आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने उभे पीक आतून पोखरले. तापाच्या चार कॅप्सूलपैकी दोन घेऊन दोन फळीवर ठेवणारा माणूस आपल्या शरीरात नेमके हेच करीत असतो. दुर्बळ जंतू मरतात, चिवट उरतात. फरक एवढाच, की कपाशीचा हंगाम बुडाला तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते.

कायदा आहे. डॉक्सिसायक्लिन शेड्यूल एच मध्ये मोडते; डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ते विकता येत नाही. अशा औषधांच्या पट्टीवरील तांबडी रेघ ओळखा, असे सरकारने २०१६ पासून सांगितले आहे. परंतु जेथे डॉक्टर दूर आणि मजुरी बुडवणे अशक्य, तेथे लोक दुकानालाच दवाखाना मानतात. त्यांना नुसता दोष देऊन भागणार नाही. ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तापाच्या रुग्णाची तपासणी, कातडीवरील खपलीचा शोध आणि पूर्ण दिवसांचे औषध एकाच खेपेस मिळेल अशी सोय सप्टेंबर-ऑक्टोबरात तरी झालीच पाहिजे. ही मागणी अवाजवी नाही. औषध स्वस्त आहे आणि पाहणाऱ्याचे डोळे फुकट आहेत. दुसरीकडे, शाळेत शिक्षकाने, कचेरीत लिपिकाने आणि घरी शिकणाऱ्या मुलाने एवढे जरी सांगितले, की तांबड्या रेघेचे औषध चिठ्ठीविना घ्यावयाचे नाही, घेतले तर डॉक्टरांनी सांगितलेले सर्व दिवस घ्यावयाचे आणि उरवून शेजाऱ्याला द्यावयाचे नाही, तरी पुष्कळ काम होईल.

सुब्बारावांच्या कीर्तीचा आरंभ एका मोजमापाच्या पद्धतीने झाला होता. थेंबभर रक्तात फॉस्फरस किती, हे अचूक ठरवल्याशिवाय पुढचे पाऊल टाकावयाचे नाही, ही त्यांच्या कामाची शिस्त होती. आपल्या भाषेत औषधाच्या प्रमाणाला मात्रा म्हणतात आणि औषध गुणकारी ठरले म्हणजे मात्रा लागू पडली असे म्हणतात. घेणाऱ्याने मात्रा पाळली नाही तर ती लागू पडणार कोठून? भावांना वाचवू न शकलेल्या एका माणसाने परक्या देशात, पत्नीपासून दूर, श्रेयाची अपेक्षा न ठेवता हे धन जमवले. फळीवर उरलेल्या त्या दोन कॅप्सूल त्याच धनातल्या आहेत.